नळाचे पाणी, आजारी मुले आणि आठ कुटुंबांचा दावा

मूल वारंवार आजारी पडू लागले की घरातली माणसे कारण घरातच शोधतात. नजर लागली असेल, बाहेरचे काही खाल्ले असेल, आईचे लक्ष नसेल. माहेरी-सासरी पूर्वी कुणाला असे काही झाले होते का, याचीही चौकशी होते. ज्या पाण्याचा रोज चहा होतो, ज्यात डाळ शिजते आणि तान्ह्याचे दूध कालवले जाते, त्या पाण्याकडे लक्ष जाते ते अगदी शेवटी. पुष्कळदा जातच नाही.

अमेरिकेतील वोबर्न या गावात एका आईचे लक्ष तिकडे गेले. त्यातून पुढे असा खटला उभा राहिला की आजही पाणी, आजार आणि कारखाने यांचा विषय निघाला की त्याचे नाव घेतले जाते. १९९८ साली त्यावर ‘अ सिव्हिल ॲक्शन’ नावाचा चित्रपटही निघाला. या लेखात आम्ही त्या खटल्याची हकीकत सांगणार आहोत. त्या कुटुंबांना काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे दोन्ही आपल्या वाचकांनी समजून घ्यावे असे आहे.

चामड्याचे गाव, दोन नव्या विहिरी

वोबर्न हे मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टन शहराच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर आहे. त्या काळी तेथील लोकवस्ती सुमारे ३६ हजार होती. चामडे कमावण्याच्या कारखान्यांसाठी हे गाव जुन्या काळापासून प्रसिद्ध होते, नंतर तेथे रसायनांचे कारखानेही आले. गाव वाढले, पाणी कमी पडू लागले. तेव्हा गावाच्या पूर्व भागात अबर्जोना नदीजवळ १९६४ साली एक आणि १९६७ साली दुसरी अशा दोन खोल विहिरी खोदण्यात आल्या. सरकारी कागदावर त्यांची नावे ‘जी’ आणि ‘एच’ अशी होती.

या विहिरींचे पाणी मुख्यतः पूर्व वोबर्नच्या घरांत जाई. ते सुरू झाल्यापासून बायका तक्रार करू लागल्या. पाण्याला वास येतो, चव विचित्र लागते, नळांवर आणि भांड्यांवर डाग पडतात. नगरपालिकेचे उत्तर ठरलेले असे: पाणी पिण्यास योग्य आहे. पाण्यात क्लोरीन टाकण्यात येऊ लागले. मग वास आला की तो क्लोरीनचा, असे सांगण्याची सोय झाली. लोकांची ओरड वाढली की विहिरी काही दिवस बंद ठेवीत आणि पाण्याची टंचाई आली की पुन्हा चालू करीत.

एका आईची शंका

पूर्व वोबर्नमध्ये ॲन अँडरसन नावाची गृहिणी राहत होती. जानेवारी १९७२ मध्ये तिच्या साडेतीन वर्षांच्या जिमी या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. मुलांमध्ये हा आजार फार क्वचित होतो. पण बोस्टनच्या रुग्णालयात जाता-येता, दुकानात, रस्त्यावर तिला अशाच आजाराच्या मुलांचे आईबाप भेटू लागले आणि ते तिच्याच मोहल्ल्यातले निघू लागले. तिने विचार केला, या सर्व घरांत सारखे काय आहे? हवा आणि पाणी. पाणी तर पहिल्यापासूनच वाईट होते.

तिने ही शंका बोलून दाखवली. कुणी मनावर घेतले नाही. डॉक्टरांना ती पटली नाही, नवऱ्यालाही पटली नाही. तेथील चर्चचे पाद्री ब्रूस यंग तिला धीर देत, पण मुलाच्या दुःखाने ही बाई अशी बोलत असावी, असेच त्यांनाही वाटे. असे सात वर्षे चालले. या सात वर्षांत तिने आपले म्हणणे सोडले नाही. कुणावर आरोप न करता पाणी तपासा, एवढेच ती सांगत राहिली.

मे १९७९ मध्ये विहिरींपासून जवळच्या एका मोकळ्या जागेत कुणीतरी टाकून दिलेली १८४ पिंपे सापडली. त्यामुळे राज्य सरकारने विहिरींचे पाणी तपासले. पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रव्य सापडले. यंत्राच्या भागांवरील तेल-ग्रीस काढण्यासाठी कारखान्यांत ते वापरतात. पाण्याच्या एक अब्ज भागांत ते २६७ भाग होते. अमेरिकेत पुढे पिण्याच्या पाण्यासाठी जी मर्यादा ठरली ती ५ भागांची आहे. दोन्ही विहिरी ताबडतोब बंद झाल्या. पाण्यातले विष त्या पिंपांतून आलेले नव्हते, हे नंतर कळले. पण पिंपे सापडली नसती तर पाणी आणखी किती वर्षे प्यायले गेले असते, कोण जाणे!

नकाशावरील खुणा

आता पाद्री यंग यांनाही ॲनचे म्हणणे पटले. त्यांनी वर्तमानपत्रातून आवाहन केले की ज्यांच्या मुलांना ल्युकेमिया झाला आहे त्यांनी एकत्र यावे. लोक आले. यंग आणि ॲन यांनी गावाच्या नकाशावर प्रत्येक आजारी मुलाच्या घरावर खूण केली. बारा खुणा झाल्या आणि त्यातल्या सहा पूर्व वोबर्नमध्ये एकमेकींना लागून होत्या. हा नकाशा त्यांनी जिमीच्या डॉक्टरांपुढे ठेवला. ज्या डॉक्टरांना शंका पटत नव्हती त्यांनीच तो नकाशा पाहून सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राला कळवले.

जानेवारी १९८१ मध्ये जिमी वारला. तो बारा वर्षांचा होता. त्याच महिन्यात सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत वोबर्नमध्ये मुलांच्या ल्युकेमियाचे पाच-सहा रुग्ण अपेक्षित होते, प्रत्यक्षात बारा सापडले होते. मात्र हे पाण्यामुळेच झाले असे सिद्ध होत नाही, असेही अहवालात म्हटले होते.

पुढे हार्वर्ड विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञांनी गावकऱ्यांच्या मदतीने मोठी पाहणी केली. सुमारे अडीचशे स्वयंसेवकांनी पाच हजारांवर घरांत टेलिफोन करून माहिती विचारली: कुठे राहत होता, किती वर्षे, मुले किती, कुणाला काय आजार. ज्या घरांत ‘जी’ आणि ‘एच’चे पाणी जास्त पोहोचले त्यांच्याशी मुलांच्या ल्युकेमियाचा संबंध दिसतो, असा निष्कर्ष १९८४ साली निघाला. स्वयंसेवक गावातलेच असल्यामुळे माहिती एकतर्फी असू शकते, असा आक्षेप काही तज्ज्ञांनी घेतला. पण सामान्य घरांतील बायका-पुरुषांनी वही-पेन्सिल घेऊन केलेले हे काम शास्त्रज्ञांना उपयोगी पडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कोर्टात

मे १९८२ मध्ये आठ कुटुंबांनी दावा दाखल केला. प्रतिवादी दोन मोठ्या कंपन्या होत्या. एक डब्ल्यू. आर. ग्रेस. तिचा यंत्रे बनवण्याचा कारखाना विहिरींच्या वरच्या अंगाला होता आणि कामगार वापरलेले द्रव कारखान्यामागे जमिनीवर ओतत असत. दुसरी बीट्रिस फूड्स. तिच्याकडे तेथील एका टॅनरीची आणि तिच्या लगतच्या जमिनीची जबाबदारी येत होती. यांशिवाय युनिफर्स्ट ही तिसरी कंपनी होती. तिने खटल्यापूर्वीच सुमारे दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली.

मार्च १९८६ मध्ये बोस्टनच्या कोर्टात सुनावणी सुरू झाली. न्यायाधीश वॉल्टर स्किनर यांनी खटल्याचे भाग पाडले. आधी कंपन्यांच्या जागेतील रसायन विहिरींपर्यंत पोहोचले का, एवढेच पाहायचे. ते सिद्ध झाले तरच त्यामुळे मुले आजारी पडली का, हे विचारायचे. याचा परिणाम असा झाला की पहिल्या भागात आयांना साक्षच देता आली नाही. ७८ दिवस तज्ज्ञ लोक जमिनीखालच्या पाण्याविषयी बोलत राहिले. कोणत्या थरातून पाणी किती वेगाने सरकते, नदीचे पाणी विहिरीत येते का, कोणत्या वर्षी काय ओतले गेले. ज्यांची मुले गेली ती माणसे मागे बाकावर बसून ऐकत होती.

जुलै १९८६ मध्ये ज्युरीने निर्णय दिला. बीट्रिस जबाबदार नाही, ग्रेस निष्काळजीपणाबद्दल जबाबदार आहे. परंतु रसायन विहिरीत नक्की कोणत्या महिन्यापासून पोहोचू लागले, अशा तारखांचे प्रश्न ज्युरीला लेखी दिलेले होते आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती. न्यायाधीशांनी नव्याने सुनावणीचा आदेश दिला. त्याच सप्टेंबरमध्ये ग्रेसने ८० लाख डॉलरची तडजोड केली. कुटुंबांचे वकील जॅन श्लिक्टमन तोवर कर्जात बुडाले होते. रकमेचा मोठा भाग खर्चात आणि फीत गेला, उरलेली रक्कम आठ घरांत वाटली गेली. पाण्यामुळे मुले आजारी पडली का, हा प्रश्न ज्युरीपुढे कधी आलाच नाही.

आयांना पैशापेक्षा जास्त हवे होते ते कुणीतरी ‘चूक झाली’ असे म्हणणे. ते त्यांना तडजोडीत मिळाले नाही. मात्र गोष्ट तेथे थांबली नाही. १९८८ मध्ये ग्रेस कंपनीने सरकारच्या पर्यावरण खात्याला खोटी माहिती दिल्याचे कबूल केले आणि तिला १० हजार डॉलर दंड झाला. १९९१ मध्ये ग्रेस, बीट्रिस, युनिफर्स्ट आणि इतरांनी ती जागा साफ करण्यासाठी सुमारे ६ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला. १९९७ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याचा नवा अभ्यास पूर्ण झाला. गरोदरपणी ज्या मातांनी त्या विहिरींचे पाणी प्यायले असावे त्यांच्या मुलांना ल्युकेमियाचा धोका वाढलेला होता आणि जितके पाणी जास्त तितका धोका जास्त, असे त्यात दिसले. ॲन अँडरसन पंचवीस वर्षांपूर्वी हेच सांगत होती.

दुसरे गाव, दुसरा मार्ग

न्यू जर्सी राज्यातील टॉम्स रिव्हर येथेही असेच घडले. १९७१ साली कोंबड्या पाळण्याच्या एका शेतात युनियन कार्बाइडच्या कचऱ्याची हजारो पिंपे टाकण्यात आली आणि त्यातले द्रव्य गावाच्या विहिरींत उतरले. तेथे सीबा-गायगी कंपनीचा रंगांचा मोठा कारखानाही होता. या गावातून कर्करोगाची मुले फार येतात, हे फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातील एका परिचारिकेच्या लक्षात आले, तेव्हा चौकशी सुरू झाली. तेथील ६९ कुटुंबांच्या बाजूने पुन्हा श्लिक्टमन उभे राहिले. पण वोबर्नचा अनुभव गाठीशी असल्यामुळे त्यांनी आधी वाटाघाटींचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंनी माहिती समोर ठेवली, सरकारी अभ्यासाची वाट पाहिली. २००२ च्या सुरुवातीस खटला न चालवताच तडजोड जाहीर झाली. रक्कम गुप्त ठेवण्यात आली आणि कंपन्यांनी दोष मान्य केला नाही.

आपल्याकडचा कायदा

भारतातही असा निकाल झालेला आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावी रसायनांच्या कारखान्यांमुळे विहिरींचे पाणी लालसर काळे झाले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च द्यावा. पुढे ३७ कोटींहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश झाला. कंपनी अर्ज करीत वेळ काढत राहिली, तेव्हा २०११ मध्ये न्यायालयाने त्यावर व्याजही लावले. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ पुण्यात आहे. प्रदूषणाने झालेल्या हानीची भरपाई तेथे मागता येते, मात्र अर्जाला साधारणपणे पाच वर्षांची मुदत आहे. दुःखात आणि दवाखान्याच्या फेऱ्यांत पाच वर्षे कशी निघून जातात, ते आपल्याला माहीत आहे.

घरात काय करता येईल?

आम्ही शिक्षक आहोत, वकील किंवा डॉक्टर नाही. तरी वोबर्नच्या हकीकतीतून काही साध्या गोष्टी घेता येतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण त्यातले शिसे, आर्सेनिक किंवा नायट्रेट जात नाही. रसायनाची शंका असेल तर प्रयोगशाळेत तपासणी करणे हाच उपाय. बोअरचे किंवा विहिरीचे पाणी जिल्ह्यातील सरकारी प्रयोगशाळेत देता येते. कशाची तपासणी हवी ते तेथे विचारावे, कारण नेहमीच्या तपासणीत सगळी रसायने पाहिली जात नाहीत.

दुसरे, कागद जपावेत. पाण्याचा रंग-वास केव्हा बदलला, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत कोणत्या तारखेला तक्रार दिली, तिची पोच, मुलाचे सर्व रिपोर्ट, हे सारे एका फाइलीत असावे. तक्रार तोंडी करू नये. वोबर्नच्या लोकांनीही वर्षानुवर्षे तक्रारी केल्या होत्या.

तिसरे, दुःख घरात कोंडून ठेवू नये. मुलाच्या आजाराची गोष्ट आपण झाकून ठेवतो, विशेषतः मुलगी असेल तर. पुढे लग्नात अडचण येईल, ही भीती असते. पण प्रत्येक घराने आपला आजार झाकला असता तर वोबर्नच्या नकाशावर एकही खूण झाली नसती. आणि घरातली आई, आजी किंवा सून म्हणाली की पाणी बरोबर लागत नाही, तर तिला वहमी म्हणून गप्प करू नये. दोन बाटल्या स्वच्छ धुऊन भराव्यात, त्यावर तारीख आणि जागा लिहावी आणि दुसऱ्या दिवशी तपासणीस नेऊन द्याव्यात.