ब्रश हातात बसत नसेल तर

समावेशक वर्गासाठी चित्रकलेच्या शिक्षकाला महागडं साहित्य लागत नाही. हाताची पकड कमजोर असेल तर ब्रशच्या दांड्याला फोम गुंडाळावा, कागद चिकटपट्टीने बाकाला पक्का करावा. दृष्टिहीन मुलासाठी बाह्यरेषेवर फेव्हिकॉलने सुतळी चिकटवली, की वाळल्यावर बोटांना आकार कळतो. लाल-हिरव्यात गफलत होणाऱ्या मुलांच्या (हे बहुतेक मुलगेच असतात) खडूंवर रंगाचं नाव लिहावं. कर्णबधिर मुलांना आधी करून दाखवावं. फळ्याकडे तोंड करून बोलू नये.

मुलाचा हात धरून चित्र पूर्ण करून देणं मात्र टाळावंच. ते चित्र मग त्याचं राहत नाही.

शांतिनिकेतनच्या कलाभवनात घडलेले चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४–१९८०) यांना लहानपणापासून एकाच डोळ्याने, तेही अंधूक दिसायचं. पन्नाशीनंतर दृष्टी पूर्ण गेली. तरी ते कागद कापून चित्रं करत राहिले, शिकवत राहिले. १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर त्यांचं टाइल्सचं भित्तिचित्र साकारलं.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेने दिव्यांग मुलांना भेदभावाविना प्रवेश देऊन शिक्षणाची इतरांबरोबरीची संधी द्यायला हवी. चित्रकलेचा तासही त्यात आला.