पर्समध्ये नसलेलं रिव्हॉल्व्हर

मैत्रिणींनो, आपल्या पर्समध्ये काय काय असतं? घराच्या किल्ल्या, सुटे पैसे, डोकेदुखीची गोळी, मुलाच्या फीची पावती. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात राहणाऱ्या सुझाना हपच्या पर्समध्ये एकेकाळी रिव्हॉल्व्हरही असायचं. पण ज्या दिवशी त्याची खरी गरज पडली, नेमकं त्याच दिवशी ते पर्समध्ये नव्हतं.

१६ ऑक्टोबर १९९१ची दुपार. सुझाना आईवडिलांसोबत किलीन गावातल्या 'लुबीज' नावाच्या खाणावळीत जेवायला गेली होती. जेवणं होत आली होती. तेवढ्यात एका माणसानं आपली गाडी थेट काचेच्या भिंतीतून आत घातली आणि खाली उतरून तो एकेकाला गोळ्या घालत सुटला. वडिलांनी आणि सुझानानं टेबल आडवं करून आडोसा केला. तिचा हात आपसूक पर्सकडे गेला आणि तिला आठवलं, रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत आहे!

गाडीत का? कारण तेव्हाच्या टेक्सासच्या कायद्यानुसार घराबाहेर जवळ पिस्तूल बाळगणं गुन्हा होता. सुझाना कायरोप्रॅक्टर, म्हणजे पाठीच्या, मणक्याच्या दुखण्यांवर उपचार करणारी. पकडले गेलो तर व्यवसायाचा परवाना जाईल, या भीतीनं तिनं ते पर्समधून काढून ठेवलं होतं.

वडील रिकाम्या हातांनी त्या माणसावर धावून गेले. छातीत गोळी लागून ते कोसळले. कुणीतरी मागची खिडकी फोडली. "आई, चल," म्हणत सुझाना बाहेर पडली. तिला वाटलं, आई मागोमाग येतेय. पण आई नवऱ्याजवळ जाऊन बसली होती. तिलाही त्या माणसानं सोडलं नाही. त्या दिवशी २३ जणांचा जीव गेला. शेवटी त्यानं स्वतःलाही संपवलं.

आईवडील एकाच दिवशी गेल्यावर एखादी मुलगी खचून गेली असती. सुझानाला मात्र राग आला, आणि तोही त्या खुन्यापेक्षा आमदारांचा जास्त! तिचं म्हणणं असं, की पिसाळलेल्या कुत्र्यावर काय रागवायचं? मी कायदा पाळला म्हणून माझे हात रिकामे राहिले. तो कायदा ज्यांनी केला, त्यांना मी जाब विचारणार.

तिकडे देशाच्या घटनेतच १७९१ सालापासून शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. पण ते घराबाहेर कसं न्यायचं, याचे नियम बरेचसे राज्याराज्यांचे. आणि विधिमंडळाच्या समितीपुढे साधी बाईसुद्धा आपलं म्हणणं मांडायला उभी राहू शकते. सुझाना उभी राहिली. टेक्सासमध्येच नव्हे, इतर राज्यांतही जाऊन तिनं तीच दुपार पुनःपुन्हा सांगितली. १९९३ साली याच विषयावर जनमत घेण्याचं विधेयक तिथल्या महिला गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी अडवलं. पण १९९५ मध्ये पुढचे गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी नव्या कायद्यावर सही केली. वय २१, प्रशिक्षण, बोटांचे ठसे आणि गुन्ह्यांची नोंद नको, अशा अटींवर जवळ पिस्तूल बाळगायचा परवाना मिळू लागला. १९९६ साली सुझाना स्वतःच आमदार झाली आणि दहा वर्षं राहिली.

आता दुसरी बाजूही ऐका. ७ डिसेंबर १९९३. न्यूयॉर्कजवळच्या लोकल गाडीत एकानं प्रवाशांवर गोळ्या झाडल्या. सहाजण गेले. त्यात कॅरोलिन मॅकार्थी या नर्सबाईंचा नवरा होता. मुलगाही जबर जखमी झाला. तो माणूस बंदूक पुन्हा भरत असताना प्रवाशांनी त्याला धरलं. कॅरोलिनबाईंनी यातून उलटा धडा घेतला. बंदुकीत एका वेळी कमी गोळ्या मावल्या असत्या, तर माणसं वाचली असती ना! त्याही १९९६ सालीच निवडून आल्या, त्या थेट अमेरिकेच्या संसदेत, आणि बंदुकांवर निर्बंध हवेत म्हणून १८ वर्षं भांडल्या.

दुःख एकच, वाटा मात्र दोन. कुणाला खोटं म्हणायचं?

पुढे वारं सुझानाच्या बाजूनं वाहिलं. २०२१ पासून टेक्सासमध्ये बहुतेक सज्ञान माणसांना पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. पण २०२२ मध्ये त्याच राज्यातल्या युवाल्डी गावच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. मग त्या मुलांच्या आया त्याच विधिमंडळात, अगदी उलटं मागणं घेऊन उभ्या राहिल्या.

आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे. इथे बंदूक हा हक्क नाही, सरकारनं दिलेला परवाना आहे. दिल्लीच्या घटनेनंतर २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास बायकांसाठी 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात! ज्या बाईला रात्री शेवटच्या एसटीनं उतरून अंधारातून घरी जायचंय, तिला ते परवडणार कसं?

मला विचाराल तर लहान मुलं असलेल्या घरात मी बंदूक आणणार नाही. पण सुझानाची एक गोष्ट मला मनापासून पटते. आपल्या जिवाबद्दलचे नियम करणाऱ्यांसमोर ती गेली आणि डोळ्यांत डोळे घालून बोलली. आपले आमदार आपल्याला कधी भेटतात? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आपण वाण घेतो, फोटो काढतो आणि घरी येतो. यंदा वाण घेताना एवढंच विचारून बघा, "साहेब, स्टँडच्या रस्त्यावरचे दिवे कधी लागणार?"