चांगल्या शोमरोन्याचा दाखला

चांगल्या शोमरोन्याचा दाखला ही येशू ख्रिस्ताने सांगितलेली बोधकथा नव्या करारातील लूककृत शुभवर्तमानात (अध्याय १०, ओव्या २५ ते ३७) आली आहे. इतर तीन शुभवर्तमानांत ती आढळत नाही. संकटात सापडलेल्या माणसाला जात, धर्म वा वैर न पाहता साहाय्य करावे, या ख्रिस्ती शिकवणीचा ही कथा प्रमुख आधार मानली जाते.

== कथानक ==

सार्वकालिक जीवन कसे मिळेल, असे एका शास्त्र्याने येशूला विचारले. देवावर व शेजाऱ्यावर प्रीती करावी, हे नियमशास्त्रातील उत्तर त्याला ठाऊक होते. मात्र शेजारी कोणाला म्हणावे, असा प्रतिप्रश्न त्याने केला. त्यावर येशूने पुढील कथा सांगितली. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या एका माणसाला लुटारूंनी मारहाण करून, वस्त्रे काढून घेऊन अर्धमेल्या अवस्थेत टाकले. त्या वाटेने आलेला याजक व नंतर आलेला लेवी हे दोघेही बाजूने निघून गेले. तिसरा वाटसरू शोमरोनी होता. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले व दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार दिले. एक दिनार ही त्या काळी मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी होती. अधिक खर्च झाल्यास परतताना देण्याचेही त्याने कबूल केले.

== पार्श्वभूमी ==

यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली आहे. त्यांना जोडणारा ओसाड डोंगराळ रस्ता लुटारूंना सोयीचा होता.

यहुदी व शोमरोनी हे दोन्ही समाज मोशेचे पंचग्रंथ मानत. परंतु उपासनेचे खरे स्थान यरुशलेम की गरिज्जीम पर्वत, यावरून त्यांच्यात तीव्र वैर होते. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात यहुदी शासक योहान हिर्कानस याने गरिज्जीमवरील शोमरोनी मंदिर उद्ध्वस्त केले. लूकच्याच नवव्या अध्यायात एका शोमरोनी गावाने येशूला आश्रय नाकारल्याचा प्रसंग आहे. याजक व लेवी यांच्यानंतर श्रोत्यांना सामान्य इस्राएली मनुष्य अपेक्षित असणार. त्याच्या जागी शोमरोनी येतो, हा या कथेतील खरा धक्का होय. शोमरोनी समाज आजही नाब्लुसजवळ व इस्राएलमधील होलोन येथे अस्तित्वात असून त्याची लोकसंख्या हजाराच्या आत आहे.

== अर्थविवेचन ==

प्राचीन काळी ओरिजेन, ऑगस्टीन आदींनी कथेचा रूपकात्मक अर्थ लावला: जखमी मनुष्य म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे ख्रिस्तमंडळी. आधुनिक अभ्यासकांनी हा अर्थ बहुतांशी बाजूला ठेवला आहे.

प्रेताच्या विटाळाच्या भयाने याजकाने जखमीला टाळले, असे स्पष्टीकरण प्रवचनांतून वारंवार दिले जाते. ते फारसे टिकत नाही. याजक यरुशलेमहून खाली उतरत होता, म्हणजे मंदिरसेवेसाठी निघालेला नव्हता. शिवाय बेवारस प्रेताला मूठमाती देणे हे मिश्ना या ग्रंथानुसार याजकाचेही कर्तव्य होते. कथेत त्यांच्या वागण्याचे कारणच दिलेले नाही.

शोमरोन्याच्या कळवळ्यासाठी मूळ ग्रीक पाठात आलेले क्रियापद आतड्यांच्या वाचक शब्दापासून बनले आहे. मराठीतील ‘आतडे तुटणे’ हा वाक्प्रचार त्याच्या बराच जवळचा आहे. शेवटी येशू शास्त्र्याचा प्रश्न उलटवतो: शेजारी कोण आहे असे न विचारता, तिघांपैकी शेजारी कोण ठरला, असे तो विचारतो. शास्त्री उत्तर बरोबर देतो, पण ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारत नाही. दया करणारा, एवढेच म्हणतो.

== प्रभाव ==

रेम्ब्राँ व व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८९०) यांनी या कथेवर चित्रे काढली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ रोजी, हत्येच्या आदल्या दिवशी, मेम्फिस येथील सफाई कामगारांच्या संपाच्या वेळी केलेल्या भाषणात तिचा आधार घेतला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या डार्ली व बॅटसन यांच्या प्रयोगात प्रिन्स्टन येथील ४० धर्मशास्त्र विद्यार्थ्यांना वाटेत एक विव्हळणारा मनुष्य भेटेल अशी योजना होती. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के, तर फार घाईत असलेल्यांपैकी केवळ १० टक्के विद्यार्थी मदतीस थांबले. काहींना तर याच दाखल्यावर बोलायचे होते.

अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांसाठी भारतात ‘गुड समॅरिटन’ ही संज्ञा रूढ आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा व्यक्तींच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ समाविष्ट झाले. त्यानुसार सद्भावनेने मदत करताना जखमीला काही इजा झाल्यास वा त्याचा मृत्यू ओढवल्यास मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही.