सात इंचांचा पंखा, तीनशेचा वेग

उत्तरायणाला सुरतेच्या गच्चीवर चढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही: पतंग तोच असला, तरी मांजा बदलला की पेच बदलतो. मॉडेल विमानांच्या पायलन शर्यतीत मांजाची ही जागा प्रॉपची, म्हणजे नाकावरच्या पंख्याची. तिळगूळ खाता खाता गच्चीवर सांगाव्यात अशा त्याच्या काही गोष्टी.

तीन खांब, दहा फेऱ्या
एफ३डी या आंतरराष्ट्रीय प्रकारात मैदानावर तीन खांबांचा त्रिकोण असतो. दोन बाजू १८० मीटरच्या, तिसरी ४० मीटरची. फेरी ४०० मीटरची, दहा फेऱ्यांचे ४ किलोमीटर. अव्वल विमानं हे अंतर मिनिटाच्या आत कापतात. सरळ पट्ट्यात वेग ताशी ३००च्या पुढे जातो!

दोन आकड्यांची कुंडली
प्रॉपवर ९×६ असं कोरलेलं दिसेल. ९ इंच ही लांबी. ६ इंच हा पिच: लाकडात स्क्रू शिरावा तसा प्रॉप एका फेऱ्यात हवेत किती पुढे सरकेल, त्याचं माप. पिचला फेऱ्यांनी गुणलं की वेगाचा अंदाज हातात येतो. ६ इंच पिच आणि मिनिटाला १५,००० फेरे म्हणजे ताशी १३७ किलोमीटर. ७ इंच आणि २८,००० फेरे म्हणजे जवळपास ३००.

घंटीच्या दहापट
हिरे घासणाऱ्या कारागिराची घंटी मिनिटाला साधारण तीन हजार फेरे घेते. शर्यतीतला प्रॉप तीस हजारांच्या घरात फिरतो.

मग मोठा प्रॉप का नाही?
साडेसात इंची प्रॉप तीस हजार फेऱ्यांना फिरला की त्याची टोकं सेकंदाला ३०० मीटरने धावतात. आवाजाचा वेग सुमारे ३४५. लांबी आणखी वाढवली, तर टोकं आवाजाच्या वेगाला भिडतात आणि इंजिनाची ताकद ओढण्याऐवजी गोंगाटात जाते. १९५५ साली उडालेल्या अमेरिकेच्या एक्सएफ-८४एच विमानाच्या प्रॉपची टोकं आवाजाहून वेगाने फिरायची. त्याच्या कर्कश आवाजाने जमिनीवरच्या माणसांना मळमळायचं.

जमिनीवर सुस्त, हवेत चुस्त
जास्त पिचचा प्रॉप म्हणजे स्कूटर थेट चौथ्या गिअरात सोडणं. निघताना विमान रेंगाळतं, हवेत वेग आला की सुसाट सुटतं. १९३१ साली ताशी ६५५ किलोमीटरचा जागतिक विक्रम करणाऱ्या सुपरमरीन एस.६बी या सागरी विमानाचा पिचही कायमचा ठरलेला होता. उडण्यासाठी त्याला पाण्यावर लांबलचक धाव घ्यावी लागे.

एकच पातं!
तारेला बांधून गोल फिरवायच्या एफ२ए वेगस्पर्धेत चक्क एका पात्याचा प्रॉप चालतो. दुसऱ्या बाजूला तोलासाठी वजन. एकटं पातं दुसऱ्याने घुसळलेल्या हवेत सापडत नाही. तार १७.६९ मीटरची, म्हणून नऊ फेऱ्यांत बरोबर एक किलोमीटर.

दोन पेल्यांवरचा तराजू
प्रॉपच्या भोकातून सरळ सळई घाला आणि तिची टोकं दोन पेल्यांच्या काठांवर टेकवा. जड पातं हळूच खाली झुकेल. त्याला पाठीकडून बारीक पॉलिश पेपर मारा, पुसा, पुन्हा टेकवा. कुठेही सोडला तरी प्रॉप तिथेच थांबला की तोल जमला. एवढा आटापिटा कशाला? तीस हजार फेऱ्यांना टोकाजवळचा दशांश ग्रॅमचा फरक तब्बल नऊ किलोचा हिसका देतो! टवका उडालेला प्रॉप म्हणूनच सरळ टाकून द्यावा आणि फिरत्या पात्यांच्या रेषेत कधीही उभं राहू नये.

आणि शेवटचा कानमंत्र
सर्वांत जास्त पिच जिंकतोच असं नाही. प्रत्येक खांबाला वळताना विमान वेग गमावतं, तो झटकन परत देणारा प्रॉप हवा. म्हणून मोठ्या इंजिनासाठी हट्ट धरण्याआधी पिच एक इंचाने बदला, बाकी काही हलवू नका आणि घड्याळ लावून फेरी मोजा. खरा निकाल फेरीची वेळच देते.