बंगला बुक, खातं साफ!

लोणावळ्याचा वीकेंड ठरवताना आपण ब्राऊझरमध्ये काय काय उघडं टाकतो, माहितेय?

शुक्रवार, दुपारचे चार. हिंजवडी असो की खराडी, ऑफिसमध्ये या वेळेला काम कमी आणि ग्रुपवरची चर्चा जास्त. ‘लोणावळा?’ ‘नको यार, गर्दी. पवना!’ ‘टेंट की व्हिला?’ मग ग्रुपमधला तो एक उत्साही प्राणी (प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच) ऑफिसच्याच लॅपटॉपवर नवा टॅब उघडतो, ‘लोणावळा व्हिला विथ पूल’ असं टाकतो आणि सगळ्यात वरच्या लिंकवर क्लिक करतो. पंधरा मिनिटांत बंगला पसंत, वीस मिनिटांत निम्मा ॲडव्हान्स गेलेला.

शनिवारी सकाळी दहा जण सॅक घेऊन तुंगार्लीत गेटसमोर उभे. बंगला फोटोतलाच आहे. पूलसुद्धा तोच. फक्त केअरटेकरकडे या मंडळींचं बुकिंग नाही आणि ॲडव्हान्स घेणाऱ्याचा फोन स्विच्ड ऑफ!

हा प्रकार मावळात जमतो, कारण इथला धंदाच तसा आहे. लोणावळा-खंडाळ्यात खासगी बंगले भरपूर. मालक मुंबईत नाहीतर पुण्यात, बुकिंग घेणारा एजंट तिसराच, आणि बंगल्यांची नावं एकमेकांची चुलत भावंडं शोभावीत अशी. त्यात पावसाळी शनिवार-रविवार म्हणजे ‘आत्ता नाही घेतलं तर जाईल’ ही घाई. पैसे भरण्याआधी बंगला प्रत्यक्ष कोणीच बघत नाही. भामट्याला आणखी काय हवं? खऱ्या बंगल्याचे फोटो उचलायचे, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करायचं, दोन दिवसांत साइट उभी करायची आणि सर्चमध्ये जाहिरात द्यायची. सगळ्यात वरची लिंक पुष्कळदा जाहिरातच असते. ‘स्पॉन्सर्ड’ हा बारीक शब्द घाईत कोण वाचतो?

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आयफोरसी या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये पर्यटक आणि यात्रेकरूंसाठी नेमका हाच इशारा दिला होता. बनावट वेबसाइट, सोशल मीडियावरची फसवी पेजेस आणि सर्च इंजिनवरच्या पेड जाहिराती वापरून बुकिंगचे पैसे लाटले जातात, असं त्यात म्हटलं होतं. उदाहरणं केदारनाथच्या हेलिकॉप्टरची आणि चारधामच्या गेस्ट हाउसची होती. भुशी डॅमच्या वाटेवर फंडा तोच.

कुलूप आहे, पण कोणाचं?

‘साइटला कुलूप होतं ना!’ हे वाक्य फसलेल्या मंडळींकडून हमखास ऐकू येतं. ॲड्रेसच्या शेजारचं ते छोटं कुलूप एवढंच सांगायचं, की तुमच्या आणि त्या साइटच्या मध्ये बसून कोणी चोरून वाचत नाहीये. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे, असं त्याने कधीच सांगितलं नव्हतं. या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट २०१५ च्या अखेरपासून चक्क फुकट मिळतं आणि ते भामट्यालाही मिळतं. लोकांचा हा गैरसमज काही केल्या जाईना, म्हणून गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून कुलपाचं चित्रच काढून टाकलं.

मग बघायचं काय? आधी पत्ता. साइटच्या पत्त्यात ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’नंतर पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे असतं ते खरं नाव. त्याच्याही आधी कितीही ओळखीची नावं लावता येतात, ती नुसती सजावट. मग वय. डोमेन कधी रजिस्टर झालं हे ‘हू-इज’वर फुकट दिसतं. ‘गेली पंधरा वर्षं आपल्या सेवेत’ म्हणणारी साइट तीन आठवड्यांपूर्वी जन्मली असेल, तर विषयच संपला. मग फोटो. गुगल लेन्सवर टाकले की तोच पूल गोव्यातल्या आणि अलिबागच्या व्हिलांतही सापडू शकतो!

पण खरी परीक्षा व्हिडिओ कॉलवर. ‘दादा, जरा गेटपासून आत चालत दाखवता का?’ एवढंच विचारा. खरा केअरटेकर कंटाळून का होईना, दाखवतो. खोटा ‘रेंज नाही’, ‘आत पाहुणे आहेत’, ‘आधी टोकन टाका’ अशी टोलवाटोलवी करतो.

उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी. पवनेच्या काठावर, ठाकूरसाई-फांगण्याकडे, गावातली पोरं स्वतः टेंट लावतात, घरची पिठलं-भाकरी वाढतात. त्यांच्यातल्या कित्येकांकडे वेबसाइट नाही. एक मोबाइल नंबर आणि इन्स्टाग्रामचं एक पेज, बस्स. आपण चकचकीत साइटवर भरवसा ठेवतो आणि या पोरांवर संशय घेतो. भामटे फोटो चोरतात तेही यांचेच, आणि फसलेला ग्रुप येऊन भांडतो तोही यांच्याशीच. साइट नाही म्हणून यांना बाद करू नका; फोन करा, कॅम्प दाखवायला सांगा. ते लगेच दाखवतील.

पेमेंटच्या बाबतीत एकच गोष्ट पाठ करा. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नाही. ‘बुकिंग कॅन्सल झालं, रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कोणी म्हणालं, की समजायचं, दुसरा हप्ताही गेला.

इनकॉग्निटोचा बुरखा

आता त्या ऑफिसच्या लॅपटॉपकडे वळू. ‘मी इनकॉग्निटोमध्ये बघतो, टेन्शन नाही.’ सॉरी! इनकॉग्निटो तुमच्या लॅपटॉपवर हिस्टरी ठेवत नाही, इतकंच. ज्या नेटवर्कवरून तुम्ही जाता, ते चालवणाऱ्याला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे दिसू शकतं. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर कंपनीने स्वतःचं सर्टिफिकेट बसवलेलं असेल, तर पानावरचा मजकूरसुद्धा. तुमच्या व्हिलात बॉसला रस नसेल हो, पण त्याच टॅबमध्ये तुम्ही दुसरी नोकरीही शोधत असाल!

खुद्द गुगलवर अमेरिकेत २०२० मध्ये याच मुद्द्यावर खटला झाला. खासगी मोडमध्येही माहिती गोळा होते, अशी तक्रार होती. २०२४ मध्ये समझोता झाला आणि अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कंपनीने मान्य केलं.

एकदा व्हिला शोधला की पुढचे दोन आठवडे प्रत्येक साइटवर व्हिलाच दिसतात, ही किमया ट्रॅकिंग कुकीजची. सफारी आणि फायरफॉक्स त्यातल्या बऱ्याचशा आपणहून अडवतात. क्रोममध्ये सेटिंगमध्ये जाऊन थर्ड पार्टी कुकीज बंद कराव्या लागतात. दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका.

वायफायचा पासवर्ड काय हो?

बंगल्यात पोचल्यावर पहिला प्रश्न हाच, चहा नंतर! बहुतेक साइट्स आता एनक्रिप्टेड असल्याने फुकटच्या वायफायची भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. कॅफेत बसलेला कोणी तुमचा बँकेचा पासवर्ड हवेतून झेलेल, हे आता सोपं नाही. पण वायफायला जोडताना एखादं पान उघडून जीमेलचा पासवर्ड मागत असेल, तर तिथून सटका. आणि बँकेचं काम स्वतःच्या मोबाइल डेटावरच करा.

वायफायची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे आणि ती आपल्याच राज्यात घडलीय. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. तपास आयपी ॲड्रेसवरून नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर पोचला. राहणारा अमेरिकन. त्याचं वायफाय नीट सुरक्षित नव्हतं आणि ते दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं. बिचाऱ्याच्या मागे चौकशीचं शुक्लकाष्ठ लागलं. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने नियम आणला, की सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवायलाच हवी. स्टेशनवर फुकट वायफायसाठी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात, त्याचं मूळ तिथे आहे.

त्याच्या आदल्या वर्षीचं प्रकरण तर थेट पुण्याचं. ऑर्कुट आठवतंय? २००७ मध्ये ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकल्याच्या गुन्ह्यात पुणे पोलिसांनी बेंगळुरूहून एका आयटी इंजिनिअरला उचललं. आपल्यातलाच, वीक डेजना कोडिंग करणारा. तो सुमारे ५० दिवस तुरुंगात होता. नंतर कळलं, की इंटरनेट कंपनीने त्या आयपी ॲड्रेसचा ग्राहकच चुकीचा सांगितला होता. मजकुराशी त्याचा काही संबंध नव्हता!

आयपी ॲड्रेस म्हणजे बिल्डिंगखालची नावाची पाटी. आत कोण बसून काय करतंय, हे पाटी सांगत नाही; पोलीस मात्र पाटीवरच्या माणसाकडे येतात. म्हणून घरच्या राऊटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड आधी बदला आणि सोसायटीतल्या सगळ्यांना तो वाटत फिरू नका.

‘मग व्हीपीएन घेऊ का?’ घ्या, पण व्हीपीएन म्हणजे वायफायवाल्यावरचा विश्वास उचलून व्हीपीएनवाल्यावर ठेवणं. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच गुंडाळले. फुकट व्हीपीएन मात्र अजिबात नको. तो चालवणाऱ्याचं पोट कशावर भरतं, याचा विचार करा.

दहा जणांचे दहा आधार

चेक-इनच्या आदल्या दिवशी मेसेज येतो, ‘सर्व गेस्टचे आधार व्हॉट्सॲप करा.’ आणि आपण भराभर पाठवतो. दहा जणांचा नंबर, फोटो, जन्मतारीख, पत्ता, सगळं अनोळखी माणसाच्या फोन गॅलरीत, त्याच्या लेकरांच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी. ओळखपत्र दाखवावं लागतं हे खरं, पण आधारच हवं असं नाही. लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र दाखवता येतं. आधारच द्यायचं तर मास्क्ड आधार द्या. यूआयडीएआयच्या साइटवरून ते डाउनलोड होतं आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारच्या झेरॉक्स वाटू नका, मास्क्ड आधार वापरा, असं पत्रक काढलं. दोन दिवसांत ते मागेही घेतलं गेलं, गैरसमज होईल म्हणून! मास्क्ड आधारची सोय मात्र कायम आहे. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला पुढे १८ महिन्यांची मुदत दिली गेली.

ट्रिप संपली तरी

सोमवारी मेसेज येतो, ‘आपल्या वाहनाचे ई-चलान प्रलंबित आहे’, सोबत एक लिंक किंवा एपीके फाइल. जुलै २०२४ पासून मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर स्वयंचलित कॅमेरे दंड लावतात आणि घाटाच्या अलीकडे तुम्ही ॲक्सिलेटर जरा जास्तच दाबला होता. त्यामुळे मेसेज खराच वाटतो. ती फाइल इन्स्टॉल केलीत, तर ओटीपीचे एसएमएस परस्पर तिसऱ्याच्या हातात. दंड खरंच आहे का, ते बघायला महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करा, मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका.

आणि पैसे गेलेच, तर आधी १९३० हा नंबर फिरवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत अडवता येतात, त्यामुळे ग्रुपवर कोणाची चूक यावर भांडत बसण्यापेक्षा ही पाच मिनिटं मोलाची. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवरही तक्रार करता येते. बंगला लोणावळ्याचा म्हणून लोणावळ्याच्याच पोलीस ठाण्यात जायला हवं, असं काही नाही, घरबसल्या चालतं. व्यवहाराचा यूटीआर नंबर, साइटचा पूर्ण पत्ता आणि समोरच्याचा नंबर जवळ ठेवा. आणि रागाच्या भरात त्याचं चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट आधी.