लपविलेले वायफाय आणि दुकानातील खोळंबा

साक्रीवरून धुळे-सुरत महामार्ग जातो. या रस्त्यावरचे गॅरेज असो की बाजारातले कापडाचे दुकान, 2016 साली यूपीआय आल्यापासून गल्ल्याचा बराचसा हिशेब मोबाईलवर येऊन बसला आहे. त्यामुळे वायफाय बंद पडले की गिऱ्हाईक खोळंबते. अशा वेळी पुष्कळदा राऊटर चांगला असतो, फोनही चांगला असतो. अडचण एवढीच की वायफायचे नाव कुणीतरी 'सुरक्षिततेसाठी' लपवून ठेवलेले असते.

नाव लपविलेले असले की राऊटर आपले नाव पुकारत नाही. मग फोनच्या यादीत ते दिसणार कसे? जुना फोन ते ओळखतो, म्हणून जोडलेला राहतो. नवा फोन घेतला किंवा कारागीर पोराच्या फोनवर जोडायचे झाले की घोटाळा सुरू होतो.

अशा वेळी वायफायच्या सेटिंगमध्ये शेवटी 'अॅड नेटवर्क' असते (आयफोनवर 'अदर'), ते उघडावे. नाव हाताने लिहावे, अगदी जसेच्या तसे. इंग्रजी लहान-मोठे अक्षर, मधली मोकळी जागा, शून्य आणि 'ओ' यांत चूक झाली की काम अडले. फोनचा कळफलक पहिले अक्षर आपण होऊन मोठे करतो, तिकडे लक्ष असू द्यावे.

पुढची चूक सर्वात जास्त होते. सुरक्षेच्या रकान्यात पुष्कळ फोनवर आधीच 'नन' लिहिलेले असते. तेथे राऊटरवर जो प्रकार असेल तोच निवडावा, बहुधा डब्ल्यूपीए-2. 2018 साली आलेला डब्ल्यूपीए-3 जुन्या फोनला समजत नाही. राऊटरवर दोन्ही मिळून चालणारा पर्याय असेल तर तो ठेवावा. अॅन्ड्रॉइडवर खाली 'अॅडव्हान्स्ड'मध्ये 'हिडन नेटवर्क'ला 'येस' करावे. हे राहून गेले तर बाकी सारे बरोबर असूनही फोन जोडला जात नाही.

राऊटरवर ठराविक फोनांचीच यादी ठेवलेली असेल तर आणखी एक गोष्ट. 2019 च्या अॅन्ड्रॉइड 10 पासून फोन प्रत्येक वायफायला आपला वेगळा, बनावट पत्ता सांगतो. यादीत मूळ पत्ता असेल तर त्या वायफायपुरता फोनवरही मूळ पत्ताच चालू करावा लागतो.

आता खरा प्रश्न, नाव लपवून मिळते काय? चोराला अडविण्याच्या कामी काहीच नाही. आपला फोन जोडला जाताना ते नाव हवेतून उघडेच जाते आणि फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने ते वाचता येते. उलट तुमचा फोन धुळ्याच्या बसस्थानकावरही तेच नाव घेऊन आपले वायफाय शोधत राहतो. म्हणजे दाराची पाटी काढायची आणि पत्ता मात्र गावभर सांगत फिरायचे! स्वतः अॅपल कंपनीही नाव लपवू नये असाच सल्ला देते.

कुलूप म्हणजे पासवर्ड. तो 8 ते 63 अक्षरांचा असतो. दुकानाचे नाव किंवा मोबाईल नंबर ठेवू नये, असंबद्ध चार-पाच शब्द जोडून ठेवावेत. गिऱ्हाइकांसाठी राऊटरवर 'गेस्ट' वायफाय वेगळे करता येते. नाव पुन्हा उघडे केल्यावर प्रत्येक फोनवर जुनी नोंद 'फर्गेट' करून एकदा नव्याने जोडावे, नाहीतर फोन हाका मारणे थांबवीत नाही.