गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उघडण्याआधी हे पाहा



16 जून ते 15 ऑगस्ट नदीतली मासेमारी बंद असते. जाळी शिवणं, डोंगा दुरुस्त करणं ही कामं आपण या दिवसांत करतोच. त्यातला एक दिवस गाडीसाठीही काढा. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे आता जुनी बोलेरो, ब्रेझा, इकोस्पोर्ट, डस्टर अशी गाडी आहे. माल तीच नेते, लग्नाला तीच जाते.

मागच्या पावसाळ्यातली माझीच गोष्ट. मत्स्यबीजाच्या ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या घेऊन गोंदियाकडून येत होतो. राजेगावजवळ गाडी थांबवली, आणि परत पहिला गिअर पडेचना. पहिल्या मिस्त्रीने पाहिलं न पाहिलं, "गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल" म्हणाला. दुपार गेली, अर्ध्या पिशव्यांतलं बीज मेलं. दुसऱ्या मिस्त्रीने वाकून पाहिलं, तर क्लचच्या खालच्या सिलिंडरमधून तेल गळत होतं. गिअरबॉक्स चांगलाच होता. ही ओळख मला आधी असती तर बीज वाचलं असतं.

पहिली परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करा आणि सगळे गिअर टाकून पाहा. बंद गाडीत गिअर लोण्यासारखे पडतात, पण चालू गाडीत अडतात किंवा कर्रर्र वाजतात, तर समजा क्लच पूर्ण सुटत नाही. क्लचच्या तेलाची डबी पाहा. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते, म्हणून तिथलं तेल कमी झालं तर हलक्यात घेऊ नका. त्यात डबीच्या झाकणावर लिहिलेलं ब्रेक ऑइलच टाकायचं. इंजिन ऑइल टाकलं की रबरी सील फुगून खराब होतात. हे तेल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं. गाडीला क्लच केबल असेल तर तिचा ताण पाहा. बंद गाडीतही गिअर कडक असेल, तर लिव्हरची केबल, बुश किंवा पेटीच्या आतलं काम समजा.

आवाज ऐका. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर बहुतेक पेटीतलं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. फक्त एकाच गिअरमध्ये कर्रर्र होत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग घासली असेल. रिव्हर्स मात्र पुष्कळ गाड्यांत थोडा वाजतोच. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग टाका.

तलावाची पाळ चढताना इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे सरकत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सोबतच बदला. पेटी उतरवण्याची मजुरी तीच असते, ती दोनदा कशाला द्यायची?

आता गिअर ऑइल. "हे आयुष्यभर चालतं" असं कोणी सांगितलं तरी जुन्या गाडीत ऐकू नका. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला बदला. पुस्तक नसेल तर 50 ते 60 हजार किलोमीटर हा साधारण हिशोब धरा. ग्रेड पुस्तकातलीच घ्या. जीएल-4 सांगितलं असेल तर जीएल-5 टाकू नका, काही जीएल-5 तेलं पितळी रिंगांना खातात. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आधी भरायचा बोल्ट सुटतो का पाहा, मगच खालचा बोल्ट खोला. खालून तेल काढलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर गाडी जागेवरच राहते.

निघालेलं तेल पाहा. बोल्टच्या चुंबकाला काळा बारीक लगदा चिकटलेला असणं साधारण आहे. चकचकीत तुकडे निघाले तर आत मोडतोड आहे. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. रपट्यावरच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर तेल नक्की तपासा. बर्फाच्या पेट्यांचं पाणी गाडीत गळू देऊ नका, पत्रा आणि बोल्ट गंजतात.

सवयी पण बदला. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका, गिअर लिव्हरवर हात टाकून बसू नका. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरू नका, हँडब्रेक लावा.

भाऊ, मिस्त्री पेटी उतरवायची म्हणाला की आधी विचारा: "इंजिन बंद असताना गिअर पडतात का, पाहिलं काय?" तेवढ्या एका प्रश्नाने खर्चही वाचेल आणि मालही.